‘तूच ठरव’ म्हणणारा नवरा आणि १८ महिन्यांची जर्मनी

प्रश्न असा आहे: “मी ३४ वर्षांची, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत इंजिनिअर आहे. कंपनी मला १८ महिन्यांसाठी जर्मनीतल्या मूळ कारखान्यात पाठवते आहे. मुलगी सात वर्षांची. नवरा आयटीत, घरूनच काम करतो, पण अमेरिकेच्या वेळेनुसार. सासूबाईंना गेल्या वर्षी पक्षाघात झाला, उजवी बाजू अजून नीट चालत नाही. सासरे म्हणतात, बाईने इतके दिवस घर सोडणं बरं दिसत नाही. आई म्हणते, संधी सोडू नकोस आणि घरही मोडू नकोस. नवरा म्हणतो, तूच ठरव. इंदिरानगरच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, फ्लॅट सासरे आणि नवऱ्याच्या नावावर आहे. काय करू?”

ताई, तुमच्या प्रश्नात तीन माणसं बोलतात आणि त्यात सगळ्यांत गोड वाक्य तुमच्या मिस्टरांचं आहे. मला धास्ती वाटते ती त्याच वाक्याची. सासऱ्यांचं म्हणणं उघड आहे, त्यावर वाद घालता येतो. ‘तूच ठरव’वर काय बोलणार? गेलात तर तुमच्या हट्टापायी घराचे हाल झाले, थांबलात तर तुमच्या तुम्हीच थांबलात, अडवलं होतं कुणी? दोन्हीकडून पावती तुमच्याच नावावर फाटते. त्यांच्या मनात हे कपट असेल असं नाही. बहुतेक नवऱ्यांना हे वाक्य म्हणताना आपण फार मोकळ्या विचारांचे आहोत असंच वाटत असतं.

मी नाशकात कुटुंब समुपदेशन करायला लागले तेव्हा येणारी जोडपी बहुतेक सिडकोतली किंवा सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली असायची. एक पगार, दोन खोल्या, आणि भांडणाची कारणंही ठरलेली: दारू, सासू, पगार कुणाच्या हातात. तेव्हाच्या स्थळांच्या बायोडेटात ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द हमखास. मग ‘नोकरी करणारी चालेल’ आलं, आणि आता ‘नोकरी करणारीच हवी, शक्यतो आयटी’. वीस-पंचवीस वर्षांत एवढा पल्ला आपण गाठला. ‘घर सांभाळून’ हे दोन शब्द मात्र त्या सगळ्या बायोडेटांना पुरून उरले.

आता माझ्यासमोरची भांडणं घड्याळावरून होतात. नवरा रात्री दोन वाजता न्यूजर्सीशी बोलत असतो, बायकोला सहाची बस पकडून पहिली पाळी गाठायची असते. तो सकाळी दहापर्यंत झोपतो आणि त्याच्या झोपेसाठी घरात कुकरची शिट्टीसुद्धा जपून होते. ती दुपारी पाळी संपवून येते, तेव्हा तिच्या झोपेसाठी घर गप्प बसत नाही. नोकऱ्या दोन्ही परदेशी मालावरच चालतात. पण एकाच्या घड्याळाला घर वळतं आणि दुसरीचं घड्याळ घराला वळतं. तुमच्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत, मी फक्त विचारून ठेवते.

एक आकडा सांगते, कारण तो मी जोडप्यांसमोर नेहमी ठेवते. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, जे घरकाम करतात त्यांच्यापुरती सरासरी काढली तर २०१९ मध्ये बायका दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली हे वाचून एका नवरोबांनी माझ्यासमोर टाळी वाजवली होती. मी म्हटलं, पुढचा आकडा वाचा. बायकांनी सोडलेली ती दहा मिनिटं पुरुषांनी उचलली असती तर त्यांचा आकडा वाढायला हवा होता, तो नऊने खाली आला. मग काम गेलं कुठे? थोडं मिक्सर-वॉशिंग मशीनमध्ये, थोडं स्विगीवर. उरलेलं, माझ्या अनुभवाने, दुसऱ्या एखाद्या बाईकडे. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथेच दिसतो. जग जवळ आलं, पैसा फिरला, बाई घराबाहेर पडली. तिने खाली ठेवलेलं काम मात्र शेजारी बसलेल्या पुरुषाकडे न जाता दुसऱ्या बाईकडे सरकलं.

ही दुसरी बाई कोण ते जवळून बघा. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये ऐंशीच्या घरातले एक आजोबा. मुलगा अमेरिकेत, सून तिथेच. सांभाळायला ब्युरोकडून आलेली एक मावशी, सुरगाण्याकडची. सकाळी आठ ते रात्री आठ. हॉलमध्ये कॅमेरा, तो मुलगा तिकडून बघतो. मी तिथे गेले ते वेगळ्याच कामाला, पण बसले असताना मावशीचा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा तिने तो कापला. मग आजोबांनीच तिला सांगितलं, “अगं घे, मी सांगेन त्याला.” तिची मुलगी आश्रमशाळेत होती, अंगात ताप, शाळेने आजीला बोलावलं होतं आणि आजी द्राक्षाच्या विरळणीला पिंपळगावकडे गेलेली. म्हणजे अमेरिकेतल्या सुनेचं काम मावशीकडे, मावशीचं तिच्या आईकडे, आणि आई दुसऱ्याच्या बागेत. शेवटच्या टोकाला ताप आलेली पोर, तिच्याजवळ कुणी नाही. आर्ली होक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली या साखळीला नाव दिलं, जागतिक काळजी-साखळी. नाव मी नंतर वाचलं. साखळी आपल्या पेठ-सुरगाणा रस्त्यावर रोज सकाळी जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली दिसते.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, तुमच्या घरात पहिला तोडगा हाच निघणार आहे: ‘चोवीस तासांची बाई ठेवू.’ मीही पूर्वी हाच सल्ला द्यायचे आणि आपण प्रश्न सोडवला म्हणून खूश व्हायचे. बाई ठेवाच, सासूबाईंना उठवण्या-बसवण्यासाठी ती लागेल. पण बाई आल्याने तुमच्या मिस्टरांचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. बाईला आठवड्याची सुट्टी कोण देणार, त्या दिवशी डायपर कोण बदलणार, ती गावी गेली आणि चार दिवस आली नाही तर काय, पगार कुणाच्या खात्यातून जाणार? यांची उत्तरं ‘बघू तेव्हा’ अशी असतील तर तुम्ही जर्मनीतून रात्री-बेरात्री ब्युरोला फोन करत बसाल, आणि घरात सगळे म्हणतील की आमचं छान चाललंय.

माझी स्वतःची गोष्ट सांगू? आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दीर मस्कतला होते. दर महिन्याला पैसे पाठवायचे, वेळेवर, त्याबद्दल तक्रार नाही. मी दोन वर्षं काम जवळजवळ बंद ठेवलं. त्या गेल्यावर दहाव्याला गोदाघाटावर जमलेल्या नातेवाइकांत मी माझ्या कानांनी ऐकलं: “आईचं सगळं धाकट्याने केलं हो, परदेशात राहून.” आणि माझ्याबद्दल? “ती काय, घरीच होती.” राग आला तो दिरांचा नव्हे. पैशाची पावती मिळते, पाठ पुसण्याची मिळत नाही, याचा. आता तुमच्या घरात हे उलटं होणार आहे, आणि गंमत बघा: तुम्ही पैसे पाठवाल तेव्हा कुणी ‘सगळं सुनेने केलं’ म्हणणार नाही. म्हणतील, ‘पोरीला टाकून गेली.’ बाप्या गेला तर घरासाठी गेला, बाई गेली तर घर सोडून गेली. सासरे ‘बरं दिसत नाही’ म्हणतात ते हेच.

उलट बाजूही सांगते, एकट्या नवऱ्यांना झोडपून माझं काम भागत नाही. तुमच्या मिस्टरांवरही लोक बोलणार आहेत. सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारेल, “काय, वहिनी तिकडे आणि तुम्ही इकडे पोळ्या लाटताय?” माझ्याकडे असा एक गृहस्थ आला होता, बायको दुबईत नर्स, हा ओझरला दोन मुलांना सांभाळणारा. मुलांची वेणी-फणी, डबा, सगळं उत्तम करायचा. पण शेजाऱ्यांना सांगताना ‘माझं सध्या वर्क फ्रॉम होम आहे’ असं सांगायचा. नव्हतं. नोकरीच नव्हती. त्याला काम जड जात नव्हतं, त्या कामाचं नाव घेणं जड जात होतं. तुमच्या मिस्टरांशी याबद्दल आधी बोला. त्यांच्या मनात ही भीती असेल तर ‘तूच ठरव’ हे तिचंच पांघरूण असू शकतं.

तरुण पोरांचीही गत बघतेच आहे. निफाड-दिंडोरीत चार-पाच एकर बाग असलेला, ट्रॅक्टर, बंगला असलेला तिशीतला मुलगा आणि त्याला मुलगी मिळत नाही. मुलींना पुण्याचा नोकरदार हवा. यात मुलींचं काही चुकत नाही. त्यांनी आपल्या आईला बागेत राबताना आणि सातबाऱ्यावर कुठेच नसताना पाहिलंय. शिवाय २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ च मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ वर आल्या. त्यातली २००१ ची पिढी आज बोहल्यावर चढते आहे. सोनोग्राफीच्या खोलीत केलेली वजाबाकी आता लग्न जमवणाऱ्यांच्या वहीत दिसते.

सातबाऱ्यावरून तुमच्या फ्लॅटकडे येते. हे तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय, पण मला ते मध्यभागी दिसतं. निर्यातीच्या द्राक्षात काय होतं बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि नाशिकच्या बागाईतदारांनी जबरदस्त मार खाल्ला. तेव्हापासून फवारणीची नोंदवही, औषधाचं नाव, तारीख, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे सगळं काटेकोर झालं. ही वही बऱ्याच घरांत सून ठेवते, कारण शिकलेली तीच असते. बीएस्सी ॲग्री झालेली एक सून मला सांगत होती, नेदरलँड्सच्या खरेदीदाराच्या माणसाने बागेत येऊन प्रश्न विचारले तर उत्तरं ती देते, आणि पैसे आल्याचा मेसेज सासऱ्यांच्या मोबाइलवर वाजतो. तिला रक्कम किती ते कळतं शेजारणीकडून. आणि नुकसान आलं की? २०२३ च्या ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली. त्या पाच महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या लासलगाव-येवल्याकडच्या बायकांच्या गळ्यात काळे मणी तेवढे उरले होते, सोन्याची पोत गहाण. जागतिक बाजार वर गेला की घराण्याचं नाव होतं, खाली आला की आधी बाईचे डाग-दागिने निघतात.

आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, बायका लाखांनी आल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कायद्याने मुलीला वडिलांच्या घरात वाटा आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून (तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना), देशभर २००५ पासून, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील त्या तारखेला हयात असण्याची अटही नाही असं सांगितलं. पण भाऊबीजेच्या आसपास बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि सासरच्या जमिनीत तर नवरा जिवंत असेपर्यंत बायकोचं नाव लागण्याचा प्रश्नच सहसा निघत नाही. तुम्ही हप्ता भरता त्या फ्लॅटची गत याहून वेगळी नाही. इंजिनिअर असलात, युरोला पगार मोजणार असलात, तरी त्या भिंतींत कागदोपत्री तुमची एक वीट नाही.

म्हणून जायच्या आधी कागद. मिस्टरांनी आपला हिस्सा किंवा त्यातला काही भाग बक्षीसपत्राने तुमच्या नावावर केला तर निवासी घरासाठी पती-पत्नीत मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. कर्ज चालू आहे, त्यामुळे आधी बँकेची संमती लागेल, आणि वकिलाला सगळे कागद दाखवा. सासऱ्यांच्या हिश्शाला हात लावू नका, त्यावरून महाभारत होईल. हा विषय काढल्यावर ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’ हे वाक्य येईलच. सरळ सांगा, विश्वास आहे म्हणून तर पोरगी आणि घर तुमच्यावर सोपवून चालले आहे, तुम्ही कागदावर चार ओळी लिहायला काय हरकत? तोवर जे हप्ते भराल ते तुमच्या खात्यातून, ऑनलाइन, दिसतील असे.

सासूबाईंसाठी आणखी एक माणूस तुमच्या प्रश्नातून गायब आहे. नणंद आहे का? असेल तर तिला बोलावून बसवा, तिच्यावर टाकायला नव्हे, ठरवायला. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीने वडिलांना पोटगी द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सून मात्र या यादीत कुठेही नाही. एवढी जबाबदारी तुमच्यावर कायद्याने टाकलेलीच नाही. ती टाकली आहे रिवाजाने. कायदा घरात नाचवू नका, पण ठाऊक असू द्या. बोलताना कणा ताठ राहतो.

आता मिस्टरांबद्दल. त्यांना मी समोर बसवलं असतं तर एकच प्रश्न विचारला असता: गॅस सिलेंडर शेवटचा कधी बदलला? बहुतेक नवरे सिलेंडर उचलून लावतात, ते अगदी खरं. पण कधी संपेल, नंबर कधी लावायचा, हे डोक्यात असतं बाईच्या. सासूबाईंची रक्त पातळ करायची गोळी किती उरली, मुलीची रंगीत कपड्यांची शुक्रवारची सूचना, फिजिओथेरपीचे पैसे कधी दिले. हे ध्यानात ठेवणं हेच खरं काम, आणि ते हातात दिसत नाही. एका जोडप्याला मी कालच्या दिवसाची यादी लिहायला लावली होती, तर नवऱ्याने चार ठिकाणी ‘मदत केली’ असं लिहिलं. बायकोने ते पाहून विचारलं, “कुणाला?” त्यावर तो जे हसला, त्यानंतर बरंच सोपं गेलं.

जायला महिना-दोन महिने असतील तर आत्ताच हे ध्यान त्यांच्याकडे सोपवा. तुम्ही घरात असताना, आणि तोंडावर बोट ठेवून. पहिल्या आठवड्यात चुका होतील. मुलगी गुरुवारी शुक्रवारचा ड्रेस घालून जाईल, गोळी एक दिवस उशिरा येईल. (गोळीवर मात्र लक्ष ठेवा, तिथे शिकवणी नको.) सासरे तुमच्याकडे बघून सुस्कारे सोडतील. तुम्ही उठू नका. बायका इथेच हरतात, मीही हरले आहे: नवऱ्याने कांदा जाड चिरला म्हणून सुरी हातातून काढून घेतली, आणि ती पुन्हा त्याच्या हातात गेली नाही.

त्यांची पाळी अमेरिकेची, म्हणजे रात्री ते जागे. सासूबाईंचं रात्रीचं करायला घरातलं सगळ्यांत सोयीचं माणूस तेच आहेत हे कुणाच्या लक्षात आलंय का? दोन कॉलच्या मध्ये आईला कुशीवर वळवता येतं. सकाळी मुलीची शाळा सासऱ्यांकडे द्या. त्यांना काम दिलं तर ‘बरं दिसत नाही’चा आवाज थोडा खाली येईल. अनुभव आहे.

मुलीचं सांगते. सात वर्षांचं लेकरू दीड वर्ष आईशिवाय राहू शकतं, बाप तिच्याजवळ खरोखर असेल तर. तिला ठरलेली वेळ लागते, लांबलचक गप्पा नाही. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. संध्याकाळी साडेपाचला तुम्ही कामावरून सुटाल तेव्हा इथे उन्हाळ्यात नऊ वाजलेले असतील, ती जागी असेल. हिवाळ्यात मात्र दहा वाजतात, ती झोपेला आलेली. म्हणून ऑक्टोबरअखेरीपासून कॉल तुमच्या जेवणाच्या सुट्टीत घ्या, इथे तेव्हा पाच वाजलेले असतात, शाळेतून येऊन दूध पिण्याची वेळ. हे आधीच तिला घड्याळ काढून दाखवा. पहिला महिना ती फोनवर येणार नाही, कार्टून बघत बसेल. तो राग आहे, तिला सक्तीने कॅमेऱ्यासमोर उभं करू नका. मध्ये एकदा इकडे यायचं तिकीट कंपनीकडून आत्ताच लेखी ठरवून घ्या.

जावं की नाही? माझं मत, जा. पण एका गोष्टीवर. तुमच्या प्रश्नात मारहाण, संशय, फोन तपासणं यातलं काही नाही, असतं तर मी वेगळं बोलले असते आणि मुलीला मागे ठेवू नका म्हटलं असतं. तसं काही लिहायचं राहिलं असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष भेटा.

सुरुवात या रविवारी करा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा नंबर काढून त्यांचा टाका, आणि शाळेच्या ऑफिसात ‘आधी वडिलांना फोन करा’ असं लिहून द्या. तिथल्या बाई दोनदा विचारतील, नक्की ना, म्हणून. आणि पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्ट घरी येईल तेव्हा तुम्ही बाहेर पडा. गंगापूर धरणाकडे चक्कर मारून या, फोन गाडीत ठेवून.